कुंटे-नियम आणि एक जुनी सर्दी

आमच्या सोसायटीच्या फाटकाला नाक आहे. भिंतीवर बसवलेली करडी पेटी, तिला दोन जाळीदार भोकं. तुम्ही जवळ आलात की ती हवा आत ओढते आणि वरच्या पडद्यावर हिरवं पान उमटतं. पान पिवळं झालं तर वॉचमन उठून उभा राहतो आणि फार अदबीनं विचारतो, "कुणाकडे जायचंय आपल्याला?" हिरव्या पानाला तो बसल्या बसल्याच हात करतो. पेटीचं नाव नासिका आणि सोसायटीचं नाव मलयगिरी. पाषाणला टेकडीच्या पोटाशी आहे ती, आणि आसपास चंदनाचं एक झाड नाही.

मी हेमलता नूलकर, माहेरची चोगले. वासावरच माझं पोट होतं. घ्राणविज्ञान संस्थेत मी वासांच्या कुप्या तयार करायचे. जळलेल्या दुधाची, नव्या चपलेची, आजारी माणसाच्या खोलीची. हर्णैच्या बंदरावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या माळांखाली माझं लहानपण गेलं, त्यामुळे नाक या गोष्टीचं मला कौतुकच आहे. तेव्हा मी नाकाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. मी कुंट्यांच्या विरुद्ध आहे.

डॉ. निरंजन कुंटे आमच्या संस्थेचे प्रमुख. नीटनेटके, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांचा मूळ शोध चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे रिसेप्टरांचे, चारशेच्या आसपास प्रकार असतात. प्रत्येकाच्या नाकात ते सगळे चालू नसतात. माझ्यात जे जागे आहेत, ते तुमच्यात झोपलेले असू शकतात. शिवाय किळस आली की नाकाच्या कडेचा एक बारीकसा स्नायू आखडतो आणि वरचा ओठ किंचित उचलला जातो. यालाच आपण नाक मुरडणं म्हणतो. हे आपल्याला कळायच्या आधीच होऊन जातं, त्यामुळे कितीही सभ्य माणूस असला तरी त्याला ते लपवता येत नाही. कुंट्यांनी या स्नायूवर चिकटवायची एक पातळ पट्टी बनवली. मग ग्राहकांच्या ठेवणीवरून माणसांचे गंधगट पाडले, अंगाच्या, कपड्यांच्या आणि चुलीच्या वासावरून पुन्हा गट पाडले, कुठला गट कुठल्या गटाला विरोधी ते ठरवलं, आणि लाखो लोकांची नाकं तपासली.

त्यातून निघालं ते असं. विरोधी गटातल्या माणसाचा वास आला की नाक मुरडणारच. आणि समोर विरोधी गटातलं कुणी नसेल, तर एका माणसाचं दुसऱ्या माणसापुढे नाक मुरडणारच नाही. दोन्हीकडून पक्कं, कुठेही अपवाद नाही. कुंटे म्हणाले, हा निसर्गनियम आहे. वर्तमानपत्रांनी त्याला कुंटे-नियम असं नाव देऊन टाकलं.

आधी कसं होतं, शेजारी कोण नको हे सांगायला लोकांना थोडी तरी लाज वाटायची. आडून बोलावं लागायचं, पाण्याचा प्रश्न आहे, पार्किंगचा प्रश्न आहे असं काहीतरी पुढे करावं लागायचं. नियम आला आणि ती उरलीसुरली लाज सुटली. आता कुणी कुणाला नको म्हणत नाही. स्नायू नको म्हणतो, माणसं फक्त दिलगिरी व्यक्त करतात. वसतिगृहात खोल्या गंधगटावर मिळायला लागल्या, ऑफिसात टेबलं गटागटानं लावली. मलयगिरीत ठराव झाला की नवं माणूस कायमचं राहायला येणार असेल तर विंगमधल्या रहिवाशांची चाचणी घ्यायची, आणि निम्म्याहून जास्त नाकं मुरडली तर परवानगी नाही. ठराव झाल्यावर सगळ्यांना मसाला दूध दिलं होतं.

माझा नवरा श्रीरंग पुलांची गणितं करतो. त्याला कुंटे-नियम पहिल्यापासून आवडला.

"पुलाला मी विनंती करत नाही, हेमा," तो एकदा नाश्त्याला म्हणाला. "भार इतका झाला की तो वाकणार. त्यात पुलाचा दोष नाही आणि भाराचाही नाही. हे तसंच आहे."

"पुलाला वाकायला वॉचमन लागतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की झाडावरून नारळ खाली पडतोय की वर जातोय ते बघायला कुणी कमिटी नेमलेली नाही. जो नियम खरोखर निसर्गाचा असतो तो स्वतःचं स्वतः बघून घेतो. ज्याला फाटकावर राखण बसवावी लागते, तो नियम आपला असतो."

"पण एकही अपवाद नाहीये ना."

"आपल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला चष्मा आहे. तिथेही अपवाद नाही. झाला का निसर्गनियम? उद्या बिनचष्म्याचा भाडेकरू आला तर लिफ्टमधून वर जाता जाता त्याचे डोळे बिघडतील?"

श्रीरंग हसला. तो छान हसतो. वाद त्याला आवडायचे, फक्त ते चहाबरोबर संपायला हवेत.

त्या वर्षी उधाणाचं पाणी माझ्या आईच्या चुलीपर्यंत आलं. एकदा नाही, पौर्णिमा-अमावस्येला येतच राहिलं. समुद्र वर चढतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो आयच्या चुलीत येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सरकारनं वाडी उठवायला घेतली. ज्यांची मुलं मुंबईला होती ते मुंबईला गेले, ज्यांचे भाऊ दाभोळला होते ते तिकडे गेले. आयला मी एकटी. तिचे गुडघे गेलेले, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं आता कुठे जायचं, हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात एक खोली रिकामी होती.

"अगं, विचारायचं काय त्यात?" श्रीरंग म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला होता, हे मी आजही नाकारत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस दुसऱ्या दिवशी स्वतः वर आले. "नूलकर वहिनी, आईंचं स्वागतच आहे हो. पाहुण्या म्हणून पंधरा दिवस कधीही राहू देत. कायमचं म्हटलं की तेवढी ती छोटीशी चाचणी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि यात जातबीत काही नाही हं. गैरसमज नको. स्नायूला कुठे जात असते?"

हे बोलताना त्यांनी मी दिलेली खारी चहात बुडवून खाल्ली. मला त्यांची शिसारी आली. त्यांनी सरळ शिवी दिली असती तर मी सरळ शिवी दिली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण हा माणूस मला माझ्याच घरात समजावून सांगत होता की त्याच्या मनात काही नाही, जे आहे ते नाकाच्या कडेला आहे.

आय आली. कडक इस्त्रीचं लुगडं, केसात अबोली, आणि हातात भली मोठी कापडी पिशवी. आमच्यात कुणाच्या दाराशी रिकाम्या हातानं जात नाहीत. चाचणी म्हणजे चार लोकांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम असणार, असं तिनं आपलं धरलं होतं. म्हणून कमिटीतल्या प्रत्येकासाठी तिनं सोडे आणले होते. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. वाळवणात सगळ्यांत मानाची वस्तू ती, आणि घरच्यांना न घालता पाहुण्यांसाठी राखून ठेवायची.

क्लबहाउसमध्ये तिला मधोमध खुर्चीवर बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक रहिवाशाचं नाव आणि नावापुढे एक सरळ रेघ. पट्ट्या लावून लोक एकेक करून तिच्या जवळून जाणार, नाक मुरडलं की रेघ उसळणार. आय उठून उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदा सबनिसांच्या हातात सोड्यांची पुडी ठेवली. "घ्या. यंदाचे हायत, वाळू नाय एक कण."

"अहो आई, हे कशाला," म्हणत सबनिसांनी ती दोन बोटांत धरली, आणि मग ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती बाहेरच्या कुंडीत ठेवली. मी बघितलं. सुदैवानं आयनं बघितलं नाही.

माणसं जात राहिली. आय प्रत्येकाला विचारत होती, "बरं हाय ना?" आणि तिच्या मागे भिंतीवर रेघ उसळत होती. तिसऱ्या मजल्यावरचे चष्मेवाले सगळे उसळले. ज्यांच्या मुलीच्या बारशाला मी दोन दिवस राबले होते त्याही बाई उसळल्या, आणि जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "सॉरी हं, हेमा." सगळ्यांत शेवटी श्रीरंग गेला. त्यानं सासूला वाकून नमस्कार केला. त्याची रेघ सगळ्यांपेक्षा उंच गेली.

आयला पडद्याचं काही कळत नव्हतं. तिनं मला विचारलं, "लागला काय गो माझा नंबर?"

"बघू," मी म्हटलं.

वर आल्यावर श्रीरंग खिडकीशी उभा राहिला. "मी काय करू, सांग. स्नायू आहे तो. आईंबद्दल मला आदरच आहे."

"आदर ठेव बाजूला. आमच्याकडे पहिल्यांदा आलास तेव्हा काय खाल्लंस?"

आठवलं त्यालाही. लग्नाआधी तो हर्णैला आला होता. आयनं सोड्यांचं कालवण केलं होतं. हा नूलकरांचा मुलगा, ज्याच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं, पाटावर मांडी घालून बसला आणि भाकरी संपल्यावर बोटानं ताट निपटून खायला लागला. माझे वडील मला आत बोलावून म्हणाले होते, मुलगा चांगला आहे. त्यानंतर दर उन्हाळ्यात आयचा डबा यायचा, आणि सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी हा माझ्यापासून लपवून ठेवायचा. पुस्तकांच्या मागे. मी ती शोधून काढायचे आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून खायचो. माझ्या संसारातल्या चांगल्या गोष्टी मोजायला बसले तर ती बरणी फार वरती येईल.

आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रीरंगचा गट आयच्या गटाला विरोधी. नियमाप्रमाणे त्याला ते कालवण गिळताच यायला नको होतं. तो वर्षानुवर्षं मिटक्या मारत खात आला होता. म्हणजे अपवाद माझ्या घरातच बसला होता, बनियन घालून. आणि निसर्गनियमाचं असं असतं की त्याला एक अपवाद सापडला, एकच, की तो नियमच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कुंट्यांच्या खोलीत गेले.

"सर, तुमच्या नियमाला अपवाद सापडलाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असेल तर मी नियम मागे घेईन. एक खरा अपवाद पुरेसा आहे. बसा."

मी सगळं सांगितलं. कालवण, डबा, बरणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्यांना तेव्हा सर्दी असणार."

"सर्दी?"

"नाक चोंदलेलं असलं की वास पोचतच नाही. सर्दीवाल्यांच्या पट्टीची वाचनं आम्ही धरत नाही. कुणीच धरणार नाही."

"बरोबर आहे. पण सर्दी आहे हे कसं ठरवता? नाक तपासता?"

"त्याची गरज पडत नाही. विरोधी वास समोर असून स्नायू आखडला नाही, म्हणजे नाक चोंदलेलं आहे हे उघडच आहे."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण कुंटे चेष्टा करत नाहीत.

"म्हणजे ज्याचं नाक मुरडलं तो नियमात, आणि ज्याचं मुरडलं नाही तो आजारी."

"तुम्ही फार ढोबळ करून सांगताय, हेमलताबाई."

"अशी सर्दी किती जणांना निघाली?"

"बऱ्याच जणांना. पुण्याची हवा हल्ली वाईट आहे."

"आणि लहान मुलं? ती तर कुणाच्याही कडेवर जातात. कुणाचंही उष्टं खातात."

"लहान मुलांचं नाक अपक्व असतं. ती आम्ही मुळात घेतलीच नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, आणि तेच मला जास्त किळसवाणं वाटलं. लबाड माणूस असता तर त्याला पकडता आलं असतं. हा माणूस आधी सगळे अपवाद चाळणीनं काढून टाकत होता आणि मग चाळणीखाली हात धरून, बघा, एकही खडा नाही, असं निष्पाप कौतुकानं दाखवत होता. आणि त्या चाळलेल्या पिठावर माझ्या आयला परत पाण्यात पाठवायचं ठरत होतं.

"एक करता येईल," कुंटे म्हणाले. "तुमचे मिस्टर जबाबदार गृहस्थ आहेत. तेव्हा मला सर्दी नव्हती, वास व्यवस्थित येत होता आणि आवडत होता, असं त्यांनी कमिटीसमोर सांगितलं, तर मी ते मान्य करीन. फेरसुनावणीला मी स्वतः येतो."

एवढंच हवं होतं. एका माणसानं, जे झालं ते झालं असं म्हणायचं.

मी घरी येऊन श्रीरंगला सांगितलं. तो बराच वेळ मोबाइलशी चाळा करत राहिला.

"सगळ्या विंगसमोर?" तो म्हणाला.

"मग काय जिन्यात?"

"तसं नाही गं. उद्या लोक म्हणायला लागतील, याच्याही घरात—" तो थांबला.

"याच्याही घरात काय?"

"काही नाही. सांगीन. खाल्लंय ते खाल्लंय, मी कुठे नाही म्हणतोय."

आय स्वयंपाकघरात डाळ-भात करत होती, सगळ्या खिडक्या लावून घेऊन. खिडक्या लाव असं तिला मी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

फेरसुनावणीला क्लबहाउस भरलं होतं. फुकटचा तमाशा बघायला मलयगिरीत सर्दीवालेही येतात. नियमाप्रमाणे सगळ्यांना पट्ट्या लावल्या, मलाही, म्हणजे कुणी काय बोलतंय आणि नाक काय बोलतंय दोन्ही दिसावं. या वेळी आयला दाराशी, पंख्याच्या पलीकडे बसवलं होतं, तिचा वास आमच्यापर्यंत पोचू नये म्हणून. भिंतीवरच्या सगळ्या रेघा सरळ होत्या. कुंटे मागच्या रांगेत बसले होते.

सबनिसांनी विचारलं, "नूलकर, वहिनींचं म्हणणं आहे की आईंच्या हातचं तुम्ही आवडीनं खात आला आहात. खरं आहे का?"

श्रीरंग उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सबनिसांकडे, मग त्या चष्म्यांच्या रांगेकडे. ही माणसं त्याला रोज लिफ्टमध्ये भेटणार होती. ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं, आणि तरीही मला वाटत होतं, सांगेल.

"खाल्लं, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण काय आहे, हर्णैची हवा मला मानवत नाही. तिकडे गेलो की मला सर्दी व्हायची."

"आणि इथे यायचे ते डबे?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"इथेही असायची. मला असते बऱ्याचदा."

"इतकी वर्षं?"

"जुनी सर्दी आहे," श्रीरंग जमिनीकडे बघत म्हणाला.

मागून कुणीतरी हसू दाबलं. आय दाराशी खुर्ची सरकवून पुढे वाकली. तिचा चेहरा काळजीनं भरून गेला होता. "आणि तू मला एक अक्षर बोलली नाय गो, हेमे? जावयाला इतकी जुनी सर्दी, आणि मी खुळ्यासारखी सोडे धाडतेय. त्याला चिंबोऱ्यांचा रस्सा पायजे होता, काळी मिरी घालून."

आयला टोमणे मारता येत नाहीत. ती जे म्हणत होती तेच तिला म्हणायचं होतं.

मी श्रीरंगकडे बघत होते. तो रुमालानं नाक पुसत होता, कोरडं ठणठणीत नाक. पुस्तकांमागची बरणी, ओट्याशी उभं राहून चाटलेली बोटं, माझ्या वडिलांचं ते एक वाक्य, सगळं त्यानं त्या रुमालात शिंकरून टाकलं होतं.

"वहिनी," सबनीस म्हणाले. ते पडद्याकडे बघत होते. सगळेच बघत होते.

इतर सगळ्यांच्या रेघा सरळच होत्या. माझी एकटीची वर गेली होती, इतकी वर की नावाच्या पट्टीला जाऊन टेकली होती.

कुंटे उठून पुढे आले. "कुठला वास आला तुम्हाला?"

"कुठलाच नाही."

त्यांनी भोवती नजर फिरवली. माझ्या आजूबाजूला माझ्या विरोधी गटातलं कुणीच नव्हतं. "तुमचे आणि मिस्टरांचे गट तर पूर्ण अविरोधी आहेत," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलेत. तुमचा स्नायू आखडायलाच नको."

"आखडलाय."

"पट्टी बिघडली असेल."

त्यांनी स्वतःच्या हातानं नवी पट्टी लावली. रेघ खाली आली, सरळ झाली. मग मी मान वळवून पुन्हा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा जाऊन वर टेकली.

"सर, आता मला सर्दी आहे असं म्हणा," मी म्हटलं.

कुंट्यांनी पट्टी पुन्हा एकदा बोटानं दाबून बघितली. सर्दीनं मुरडणारं नाक मुरडायचं थांबतं. न मुरडणारं नाक सर्दीनं मुरडायला लागत नाही. हे त्या खोलीत त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं. समोर वास नव्हता, विरोधी गट नव्हता, फक्त एक माणूस खोटं बोलला होता, आणि त्याच्या बायकोचा स्नायू त्यांच्या नियमाला न विचारता आखडला होता.

"एक खरा अपवाद पुरेसा आहे, असं म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मला यावर विचार करावा लागेल."

त्यांनी केला विचार. पुढच्या परिषदेत त्यांनी नियमाची सुधारित आवृत्ती मांडली. संतापलेल्या व्यक्तींची वाचनं यापुढे धरू नयेत. कुंटे-नियमाला पुन्हा एकही अपवाद उरला नाही. टीकेतून शिकणारा मोठा माणूस, असं त्यांच्याबद्दल छापून आलं.

आयला परवानगी मिळाली नाही. सबनिसांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, फार वाईट वाटतंय असं म्हणून. मी त्याच आठवड्यात सामान बांधलं आणि संस्थेतलाही राजीनामा दिला. वास माझे, पण नाकं त्यांची, हा धंदा मला पुढे करवेना. श्रीरंगनं बॅगा खाली आणून दिल्या. नासिकेखाली उभा राहून तो म्हणाला, "तुझंच बरोबर होतं, हेमा. मला कळतंय. पण राहायचं आपल्याला इथेच आहे ना."

"तुला राहायचंय," मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

आता गणेश पेठेत मासळी बाजाराजवळ दोन खोल्या घेतल्यात. जिना अंधारा आहे, पण फाटकाला नाक नाही. आयनं तिथे आल्या आल्या पहिलं काय केलं असेल, तर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या. ठेचून, भरपूर मिरी-लसूण घालून रस्सा केला, डब्यात भरला आणि म्हणाली, "जा, देऊन ये त्याला."

"मी जाणार नाही."

"आजारी माणसावर राग धरू नये गो."

तिला समजावून सांगायची माझी छाती झाली नाही. कालवण मिटक्या मारून खाणारा जावई ही तिच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट होती, आणि सर्दीमुळे का होईना, ती तिच्याकडे शाबूत राहिली होती. मी डबा घेऊन गेले. फाटकावर पान पिवळं झालं आणि ज्या वॉचमननं मला इतकी वर्षं बसल्या बसल्या हात केला होता, तो उठून उभा राहिला. डबा त्याच्याच हातात देऊन मी परत फिरले.

दोन दिवसांनी तो डबा आमच्या दाराच्या कडीला अडकवलेला सापडला. श्रीरंग स्वतः येऊन गेला होता, घंटी न वाजवता. मी झाकण उघडलं. आत रश्श्याचा थेंब नव्हता. तळ तर निपटलेला होताच, पण झाकणाच्या खाचेत जो मसाला अडकतो, तोही बोट फिरवून चाटून काढलेला होता. त्या बोटाची रेघ अजून दिसत होती.

आयनं तो हातात घेऊन उजेडात धरला आणि तिला फार बरं वाटलं. "बघ. वास लागला त्याला. उतरतेय सर्दी."

मी तिच्याकडून डबा घेतला, मोरीत नेला आणि घासायला बसले. घासला, धुतला आणि पुन्हा घासायला घेतला.

"अगो, स्वच्छच हाय तो," आय दारातून म्हणाली.

"असेल," मी म्हटलं, आणि आणखी एकदा घासला.